कात्री नंतर, आधी उतरण



माघ महिन्यातली गोष्ट आहे. सकाळी देवदर्शन करून परत येत होते. आमच्या इमारतीखाली कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारी एक कुंडी ठेवलेली दिसली. मनी प्लांट होता. वेल सहज सात-आठ फूट लांब, पण बुडापासून बघत गेलं तर नुसती दोरी, मधे पान म्हणून नाही. अगदी टोकाला सहा-सात पानं, तीही लहान आणि फिकट. माती ओली होती. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत कुणीतरी तिला पाणी घालत होतं.

कुंडी कुणाची ते मी ओळखलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. आपल्याच समाजातल्या, रोजची पूजा न चुकवणाऱ्या, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी घरात न आणणाऱ्या. मी कुंडी उचलली, वर गेले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, बघवत नव्हती गं ती. खालून सगळी बोडकी. कापायचं म्हटलं तर हात होत नाही, हिरवा जीव तो. म्हणून कालच नर्सरीतून नवीन आणली. ही नेईल कुणीतरी."

कापायला हात झाला नाही, पण कचऱ्याशेजारी ठेवायला झाला. काकूंना मी दोष देत नाही. माझ्या स्वतःच्या घरात दहा वर्षं हेच चाललं होतं. दिवाळीच्या आधी नवीन वेल आणायची, टीव्हीच्या शेजारी ठेवायची, वर्षभरात ती बोडकी झाली की गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवायची, आणि तिथे ती वाळली की "हिला माझा हात लागत नाही" म्हणून पुन्हा नवीन. आपल्यापैकी किती घरांत असं होतं ते तुम्हीच आठवून बघा.

म्हणून आज थोडं स्पष्ट लिहिते. वेल बोडकी होते तो वेलीचा दोष नसतो, आपल्या दुर्लक्षाची ती खूण असते. तशा वेलीला न कापता अंधारात ताटकळत ठेवणं ही काही दया नाही. व्हिडिओत दाखवतात तशी सपासप कात्री चालवणंही आपल्याला शोभत नाही. या दोन्हींच्या मधे एक जुनी वाट आहे. ती आपल्या आजी-पणजींना माहीत होती, आणि मला ती माहेरच्या पानमळ्यात सापडली.

आधी वेल अशी का होते ते बघू. ज्यांचं माहेर उसाच्या पट्ट्यात आहे त्यांना पेर म्हणजे काय ते सांगायला नको. मनी प्लांटलाही तशीच पेरं असतात. दोन पेरांच्या सांध्यावर पान, पानाच्या बगलेत झोपलेला डोळा, आणि तिथेच तपकिरी रंगाचा लहानसा फुगवटा, म्हणजे होऊ घातलेलं मूळ. उजेड पुरेसा असला की पेरं आखूड राहतात, पानं जवळजवळ येतात आणि वेल भरलेली दिसते. उजेड कमी पडला की वेल उजेड शोधायला निघते. सगळी ताकद लांब होण्यात घालवते. पेर लांबतं, पान लहान होतं, पानावरचे पिवळे-पांढरे पट्टे जातात, कारण कमी उजेडात तिला हिरवेपणा जास्त लागतो. अंगणातला दगड बऱ्याच दिवसांनी उचलला की खालचं गवत कसं लांब आणि पांढरट झालेलं दिसतं? त्यातलाच हा प्रकार. तहान लागलेल्या माणसाने पाण्याकडे हात लांबवावा तशी ती वेल लांबलेली असते, आणि आपण कौतुकाने सांगतो, "बघा, आमची वेल किती वाढली!"

दुसरं कारण तिच्या स्वभावातच आहे. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. अळूच्या कुळातली. तिचा धर्म झाडावर चढण्याचा. आपल्याकडे जुन्या बागांत आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट पाहिला असेल. पान सुपाएवढं होतं, कडेने फाटतं, आणि हाच तो घरातला मनी प्लांट यावर विश्वास बसत नाही. वर चढताना पान मोठं होत जातं आणि खाली लोंबताना लहान होत जातं. म्हणजे कपाटावर कुंडी ठेवून वेल खाली सोडली आणि वर उजेडही नाही, तर ती बोडकी होणारच.

उजेड किती आहे हे आपल्या डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे लगेच सरावतात. खिडकीपासून आठ-दहा फुटांवर आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं, पण झाडाच्या दृष्टीने तिथे संध्याकाळ झालेली असते. एक सोपी परीक्षा करा. दुपारी बारा-एकच्या सुमारास, दिवा न लावता, कुंडीच्या जागी एक कोरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली ठळक पडली तर तिथे भरपूर उजेड आहे. पुसट पण ओळखू येणारी पडली तर मनी प्लांटला चालेल. सावली जवळजवळ पडलीच नाही तर तिथे काचेची बरणी ठेवा, शोभेचा दगड ठेवा, वेल ठेवू नका. पूर्वेच्या खिडकीजवळ तीन-चार फुटांच्या आत जागा असली तर उत्तम. दुपारचं थेट ऊन मात्र नको, पानं भाजतात. अंधारातल्या वेलीला उजेडात आणायचं तेही एकदम नाही. दर चार-पाच दिवसांनी थोडी थोडी पुढे सरकवा.

जागा न बदलता खत घातलं तर पेरं आणखी लांबतात. जागा न बदलता पाणी वाढवलं तर मुळं कुजतात आणि बुडाची पानं पिवळी पडून गळतात. कमी उजेडातली वेल पाणीही कमी पिते. बोट खुपसून बघायचं, वरचा इंचभर थर कोरडा झाला असेल तरच पाणी.

उजेडात आणल्यावर नवीन येणारी पेरं आखूड येतील, पानं मोठी येतील. पण झालेलं लांब पेर आखडत नाही आणि गळालेल्या पानाच्या जागी पुन्हा पान येत नाही. त्या सांध्यावरचा डोळा जागा झाला तर नवीन फांदी येईल, एवढंच. म्हणजे बोडका भाग बोडकाच राहणार. मग त्याचं करायचं काय? इथेच आपल्या बायकांचा हात थबकतो.

हा थबकलेला हात मला मोलाचा वाटतो. पाठशाळेत वनस्पतिकायिक जीव शिकलेल्या मुलीला फांदी तोडताना काहीच वाटू नये, असं मला नको आहे. उलट मनी प्लांटच्या बाबतीत तर दोन क्षण जास्तच थांबावं. साधारण वनस्पती कशी ओळखायची याच्या ज्या खुणा गोम्मटसार जीवकांडात दिल्या आहेत, त्यांत 'छिन्नरुह' ही एक खूण आहे. छिन्नरुह म्हणजे तोडल्यावरही उगवणारी. बटाट्याचा तुकडा लावला की उगवतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मनी प्लांटची एका पेराची कांडीसुद्धा उगवते. आपण तो खात नाही हे खरं, पण तोडताना 'काय, एक वेल तर आहे' असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

पण याच धर्माने गृहस्थाला दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे. आपण मुनी नाही. चूल, पाणी, केर, अंगण यांत आरंभी हिंसा होते हे मानूनच श्रावकाची व्रतं सांगितली आहेत. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार येतात, त्यांत प्रमादचर्या आहे. माती उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वनस्पती तोडणं, हे सगळं विनाकारण केलं तर ती प्रमादचर्या. भर 'विनाकारण' यावर आहे. आता माझ्या दहा वर्षांच्या वेली या मापाने मोजून बघते. मी एकही वेल कापली नाही. पण दरवर्षी एक जिवंत वेल आणली, तिला उजेड दिला नाही, गरज नसताना पाणी ओतत राहिले, आणि शेवटी ती मेल्यावर माती टाकून दिली. कात्री हातात न घेता मी दहा वेली घालवल्या, आणि त्याला कारण काहीच नव्हतं. तो प्रमादच होता.

हे एकदा मनाला लागल्यावर मी माहेरी गेले तेव्हा भावाशी बोलले. माझं माहेर मिरज तालुक्यात, बेडगच्या बाजूला. आरग, बेडग, नरवाड हा सगळा भाग पानमळ्यांचा. शेवरी-शेवग्याच्या आधारावर नागवेल चढवलेली असते. भावाला म्हटलं, "तुमच्या वेली वर्षानुवर्षं टिकतात, माझी एक टिकत नाही." तो हसला आणि म्हणाला, "अक्का, तू उतरण कुठं करतीस?"

पानमळा बघितलेल्या बायकांना उतरण माहीत असेल. नागवेल आधारावर उंच गेली की खालचा भाग बोडका होतो, वरची पानं लहान व्हायला लागतात. मग ती वेल आधारावरून सोडवून हळूच खाली घेतात, बोडक्या भागाचं वेटोळं करून वाफ्यात मातीत दाबतात आणि शेंड्याकडचा पानांचा भाग पुन्हा आधारावर बांधतात. मातीत गेलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, वेल पुन्हा तरणी होते. लहानपणी मी आजीच्या मागे वाफ्यातून फिरत हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. पण पुण्याच्या फ्लॅटमधल्या कुंडीत तेच करता येईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

नागवेल आणि मनी प्लांट यांची कुळं वेगळी. पण पेरापेराला मूळ धरायची सवय दोघींची सारखी. म्हणून काकूंनी टाकलेल्या त्या वेलीची मी उतरणच केली. कशी केली ते सांगते.

पहिले पंधरा दिवस काहीच केलं नाही, फक्त कुंडी टप्प्याटप्प्याने पूर्वेच्या खिडकीत आणली. अशक्त वेलीला आधी थोडा उजेड मिळू द्यावा. मग एका सकाळी, पर्वाचा दिवस नाही हे बघून, कुंडी वर्तमानपत्रावर घेतली. वरची माती बोटाने अलगद सैल केली. सैल करण्याआधी नीट बघून घ्या, मुंग्या असतात, गांडूळ असतं. मुंग्यांची रांग दिसली तर त्या दिवशी हात लावू नका. बोडकी वेल कुंडीच्या आतच गोल गोल गुंडाळून मातीवर टेकवली. सांध्यावरचा तो तपकिरी फुगवटा मातीकडे येईल असं बघायचं. आंबाड्याला लावतो ते केसांचे आकडे घेतले आणि दर दोन-तीन पेरांवर एक आकडा लावून वेल मातीला टेकवून ठेवली. वरून अर्धा इंचसुद्धा माती पुरते, खोल पुरायचं नाही. टोकाचा पानांचा भाग कुंडीच्या काठावर आणून सोडला. झालं. सात फुटांची दोरी कुंडीत मावली, आणि सहा-सात का असेनात, पानं आता मातीजवळ आली. एकही पान तोडलं नाही.

यानंतर माती किंचित ओलसर ठेवायची, चिखल नाही. माझ्याकडे तीन-चार आठवड्यांत आकड्याजवळची वेल हलकेच ओढून पाहिली तर ती हलेना. मूळ धरलं होतं. ठिकठिकाणी मुळं आली की वेलीला अन्नपाणी जास्त मिळतं, नवीन पानं जोमाने येतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की अक्का सांगते तसं आमच्याकडे झालंच नाही. उतरण केली की मुळं नक्की येतात, पण प्रत्येक सांध्यावरून फांदी फुटेलच असं नाही. वेलीचा शेंडा वाढत असतो तोवर तो ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली पाठवत असतो, आणि त्याच्यामुळे मागचे डोळे झोपूनच राहतात. वेल आडवी केली की हा दाब थोडा कमी होतो आणि काही डोळे जागे होतात. माझ्या कुंडीत अकरा आकडे लावले होते, त्यांतल्या चार ठिकाणी फुटवे आले. कुंडी छान भरलेली दिसायला तेवढे पुरले.

नाहीच फुटले तर? दोन-अडीच महिने उजेडात वाट बघा. तरीही कुंडी रिकामी वाटली तर शेंडा खुडायला माझी हरकत नाही. मुद्दाम 'खुडणं' म्हणते. वेल छाटून टाकायची नाही, एकच शेंडा, तोही दोन-तीन पानांसकट, सांध्याच्या थोडं वर स्वच्छ धारदार कात्रीने एका फटक्यात. बोथट कात्रीने चेंगरलेली जागा सडते. शेंडा गेला की मागचे डोळे जागे होतात. आणि तो खुडलेला शेंडा त्याच कुंडीत, एक सांधा मातीत जाईल असा लगेच लावायचा. सांधा हवाच. नुसतं पान देठासकट लावलं तर त्याला मुळं येतीलही, पण त्यातून वेल कधी होत नाही. म्हणजे ते पान तोडणं विफलच. कात्री लावल्यावर हात धुवा. अळू चिरताना हाताला खाज सुटते, तशीच या चिकानेही सुटते, आणि लहान मूल किंवा मांजर असेल तर पानं त्यांच्या तोंडी लागणार नाहीत एवढ्या उंचीवर कुंडी ठेवा.

वेळ कोणती? थंडी सरल्यापासून आषाढात चातुर्मास बसेपर्यंत. या दिवसांत उबेमुळे वेल वाढीला लागलेली असते, मुळं लवकर धरतात. चातुर्मासात हिरव्याला हात न लावायचा नेम ज्यांचा आहे, त्यांचं काम त्याआधीच उरकतं. पावसाळ्यात फक्त बघायचं आणि पाणी बेताने घालायचं.

सगळ्याच लोंबत्या वेलींना एक नियम लागू होत नाही, तेही सांगून ठेवते. होयाच्या वेलीवर लांबच लांब बिनपानी दोर येतात. ते पाहून वेल बिघडली असं वाटतं, पण ती तिची रीत आहे, पानं नंतर येतात. त्यांना हात लावू नका. तिच्या फुलांचे जुने देठही तोडू नका, पुढच्या वेळी तिथेच फुलं येतात. जांभळ्या पट्ट्यांची ट्रेडस्कँशिया मात्र चांगल्या उजेडातही वर्ष-दोन वर्षांत बुडाशी उघडी पडतेच. तिचीही उतरण करा, झटकन मुळं धरते.

आता पाण्याच्या बाटलीबद्दल, कारण माझा खरा कान पकडला गेला तो तिथे.

तीन वर्षांपूर्वी मी मनी प्लांट काचेच्या बाटलीत ठेवला होता. माती नको, मुंग्या नकोत, खुरपणं नको. मला वाटलं यात हिंसा कमी. पावसाळ्यात महापालिकेच्या ताई घरोघर तपासणीला आल्या. त्यांनी बाटलीवर टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्या ताईंनी बाटली गच्चीवरच्या तापलेल्या फरशीवर ओतली. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. मी मात्र बघत उभी राहिले. पिण्याचं पाणी मी दुहेरी कपड्याने गाळते, जिवाणी जपून ठेवते, आणि त्याच घरात दिवाणखान्यात शोभेसाठी त्रस जीवांची पैदास करून ठेवली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, जयणा म्हणजे नुसतं न मारणं नव्हे. जीव मरतील अशी परिस्थिती होऊ न देणं."

तेव्हापासून माझ्या घरात बाटलीतली वेल नाही. तुमच्याकडे असेल तर एक ठरलेला वार नेमा. दर आठवड्याला पाणी बदला, बाटली आतून ब्रशने घासा, कारण अंडी काचेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. बाटलीचं तोंड वेलीभोवती कापसाने किंवा जाळीच्या कापडाने बंद करा. अळ्या झाल्यावर काय करायचं याला चांगलं उत्तरच नाही, म्हणून त्या होऊच द्यायच्या नाहीत. आणि हे दर आठवड्याला जमणार नसेल तर वेल मातीत लावा. कुंडीखालच्या ताटलीत साठणाऱ्या पाण्यालाही हाच नियम.

जाता जाता आणखी एक. मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो, म्हणे! आपल्याही बायका हसत हसत शेजारच्या गॅलरीतून कांडी खुडून आणतात. अचौर्याणुव्रत घेतलेल्या घरात हा विनोद शोभत नाही. मागा ना, कुणीही देईल. आणि वेल खाली लोंबली की पैसा खाली जातो, वर चढवली की वर जातो, हेही सोडून द्या. ती लोकमूढता आहे. वेल वर चढवायची असेल तर जरूर काठीवर चढवा, तिचं पान मोठं होईल म्हणून. तुमच्या खात्याशी तिचा काही संबंध नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वेल घरात आणणं हा आपला निर्णय असतो, वेलीचा नसतो. आणल्यावर तिची जबाबदारी आपली. बोडकी दिसली की पहिला प्रश्न 'कापू की टाकू' हा नको, 'मी हिला कुठे ठेवलंय' हा हवा. आधी जागा बदला, मग उतरण करा, फारच गरज पडली तर एक शेंडा खुडा, आणि खुडलेलं मातीत लावा. हे सगळं करूनही जमलं नाही तर ज्यांच्या घरी उजेड आहे त्यांना द्या. आणि जिथे सावलीची परीक्षाच नापास होते अशा घरात नवीन वेल आणूच नका. न आणणं हीसुद्धा जयणाच आहे, आणि ती सगळ्यांत सोपी.

ज्येष्ठात काकूंना मी वर बोलावलं आणि कुंडी दाखवली. काठावरून चारी बाजूंनी पानं उतरली होती, पट्टे परत आले होते. त्यांना आधी खरंच वाटेना. आकडे बघितल्यावर हसल्या, म्हणाल्या, "माझा आंबाडा सोडून तुझ्या वेलीला बरे बसले हे." मी म्हटलं, "काकू, तुमचीच आहे, घेऊन जा." त्या थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको गं. समोरची इमारत झाल्यापासून माझ्या हॉलमध्ये दिवसाही दिवा लागतो. ती नवीन आणलेलीसुद्धा लांबायला लागलीय. तीच तुझ्याकडे आणून ठेवते."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कुंडी घेऊन आल्या. आता दोन्ही कुंड्या एकाच खिडकीत आहेत, आणि काकू सकाळी मंदिरातून परतताना पाच मिनिटं थांबून दोघींना बघून जातात.

जय जिनेंद्र.